ज्या बाईची ओळ, तिच्यापर्यंत

मैत्रिणींनो, दिवाळी अंक बाजारात आले, की पेपरांतून एक रकाना हमखास येतो. 'मला आवडलेली पुस्तकं'. लिहिणारे बहुधा पुण्या-मुंबईचे लेखक, समीक्षक, नाहीतर नाटक-सिनेमातली मंडळी. मी तो रकाना आवडीने वाचते. पण मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, चामोर्शी, अहेरी अशा गावांत राहणाऱ्या बाईला कुणी कधी विचारतं का, की बाई गं, तू काय वाचलंस? कुठल्या पानावर थांबलीस? आणि का थांबलीस?

आपण वाचत नाही असं थोडंच आहे! वाचतो की. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की चहाची वेळ होईपर्यंतचा जो तासभर हाती लागतो त्यात वाचतो. कधी दवाखान्याच्या बाकावर, कधी एसटीत. सलग वाचन आपल्या नशिबी नाही. त्यामुळे अख्खं पुस्तक आपल्या ध्यानात राहत नाही, उतारा राहतो. एखादं पान, एखादा प्रसंग मनात रुतून बसतो आणि भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना तोच फिरत राहतो. हेही वाचनच आहे, आणि ते कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच वाटत नाही.

त्यातून आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीत जी पुस्तकं घरोघरी वाचली गेली, त्यातली कितीतरी आपल्याच मुलखातली! आनंदवन आपलं, हेमलकसा आपलं, शोधग्राम आपलं, मेंढा-लेखा आपलं. शहरातला वाचक ती वाचतो तेव्हा 'बापरे, किती दुर्गम!' म्हणून डोळे विस्फारतो. आपण वाचतो तेव्हा म्हणतो, 'अगं, हा नाला तर मी चपला हातात घेऊन ओलांडलाय.' त्याचा नमस्कार लेखकाला असतो. आपली नजर मात्र त्या पानाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईवर जाते, कारण ती आपल्या ओळखीची असते.

अशाच काही पानांविषयी आज लिहायचं आहे. हे पुस्तक परीक्षण नाही, तो माझा अधिकारही नाही. उतारे इथे उतरवून देत नाही, ते मूळ पुस्तकातच वाचावेत. मी कुठे थांबले आणि का, एवढंच सांगते. आणि शेवटी एक मागणं मागणार आहे.

समिधा कुणी मोजायच्या?

'समिधा' हे साधनाताई आमटे यांचं आत्मकथन. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी माळावर आनंदवन सुरू झालं. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, हा हिशेब आपल्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. त्या हिशेबात दोन लहान लेकरं घेऊन आलेली एक आई मात्र कुणी धरत नाही. 'समिधा' वाचताना ती दिसते. साप-विंचवाच्या जागी पाळणा कुठे टांगायचा, पाणी कुठून आणायचं, हे प्रश्न तिचे होते.

मी थांबले ते भाजीच्या गोष्टीपाशी. आनंदवनात कष्टाने भाजी पिकली, पण कुष्ठरुग्णांच्या हातची म्हणून वरोऱ्यात ती कुणी घेईना. पुढे परदेशातून श्रमदानाला आलेली तरुण मुलं तिथे राहिली, तिथलंच जेवली, तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या आणि भाजी तशीच परत नेणाऱ्या बाईचं तोंड आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण भाजी चांगली आहे, ताजी आहे आणि फक्त तुझा हात लागला म्हणून नको, हे ऐकणं म्हणजे काय असेल?

ही जुनी गोष्ट वाटेल. पण कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही सापडतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि ते सुरू झालं की रोग पसरत नाही. आमच्या ओळखीच्या एका बचत गटात औषधाचा पूर्ण कोर्स करून बरी झालेली एक बाई आहे. गटाने पापड लाटायचं काम घेतलं, तेव्हा हिच्या हातचे पापड विकले जाणार नाहीत अशी कुजबुज सुरू झाली. मी भाषण दिलं नाही. 'समिधा'तली भाजीची गोष्ट सांगितली, एवढंच. त्यावर कुणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीला दोघीजणी तिच्या पोळपाटाशेजारी जाऊन बसल्या. सगळ्या नाही, दोघीच. पण पापड त्या दिवशी चौघींच्या नाही, गटाच्या नावाने बांधले गेले.

एक गोष्ट मात्र मला या पुस्तकाने सतत टोचत ठेवली आहे. समिधा म्हणजे यज्ञात टाकायच्या काड्या. यज्ञ कुणी केला हे लोक सांगतात, समिधा किती जळल्या हे कुणी मोजत नाही. आपल्याकडे थोरा-मोठ्यांच्या बायकांनी लिहिलेल्या आत्मकथनांची मोठी परंपरा आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० सालच्या. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आली, १९९० साली सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' आलं. या बायांनी लिहिलं म्हणून काड्यांचा हिशेब निदान कागदावर लागला. साधनाताईंनी तो मार्ग समजून-उमजून, स्वतःच्या पसंतीने धरला होता. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण त्यांचं उदाहरण देऊन आपल्या सुनेला 'तूही समिधा हो' असं सांगायचा हक्क आपल्याला कुणी दिला? ज्याने-त्याने आपली काडी आपण टाकायची असते, दुसरीची उचलून टाकायची नसते.

खाटेवरची बाळंतीण

डॉ. प्रकाश आमटे यांचं 'प्रकाशवाटा' २००९ साली आलं. १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्याची ही गोष्ट. बहुतेकांना त्यातला वाघ-बिबट्यांचा भाग आवडतो. मेलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेलं पिल्लू पाहून प्राण्यांचं अनाथालय कसं सुरू झालं, हे वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पण पेन्सिलीची खूण मी केली ती अडलेल्या बाळंतिणीच्या प्रसंगापाशी. पोटात मूल दगावलेलं, बाईचा जीव जायची वेळ, वीज नाही, सोयी नाहीत आणि आईला वाचवायचं तर मृत बाळ तुकड्यांनी बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. डॉक्टर नवरा-बायकोने ते केलं आणि बाई वाचली. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मंदाकिनीताई शिक्षणाने भूलतज्ज्ञ. त्या स्वतः आई. त्या रात्री त्या झोपल्या असतील का? पुस्तकावर नाव एकाचं असलं, तरी २००८ साली मॅगसेसे पुरस्कार देताना तो दोघांना मिळून दिला गेला, याचं मला फार बरं वाटलं होतं.

हा उतारा वाचून 'काय तो काळ होता!' असं म्हणून पान उलटता येत नाही. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात आणि पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी चढलं की तालुक्याचा संपर्क तुटतो. २०२४ च्या पावसाळ्यात त्याच तालुक्यात एका गर्भवतीला जेसीबीच्या बादलीत बसवून नाला पार करावा लागल्याची बातमी आपण वाचली. त्याच वर्षी सप्टेंबरात अहेरी तालुक्यात आई-बापाने आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलवाट तुडवली, तेही वाचलं. पुस्तकातलं पान १९७३ नंतरच्या दिवसांचं आणि बातमी २०२४ ची. मध्ये पन्नास वर्षं. म्हणून तो उतारा मला नुसता 'आवडला' म्हणवत नाही. तो मला उठून विचारतो, की तुमच्या गावातल्या सातव्या-आठव्या महिन्याच्या बायांची यादी पावसाळ्याआधी कुणाकडे आहे? नदीपलीकडच्या बाईला तारखेच्या आधी अलीकडच्या गावात आणून ठेवायचं कुणी ठरवलंय का? आशाताई एकटी काय काय करील? ही कामं गटातल्या बायांनी मनावर घेतली तर होण्यासारखी आहेत.

पथ्य कुणाचं, ओटा कुणाचा

डॉ. अभय बंग यांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्या अनुभवावरचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' २००० साली आलं आणि मध्यमवर्गीय घरांत अक्षरशः पोथीसारखं वाचलं गेलं. लोकांचं आरोग्य सांभाळणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या शरीराकडे किती दुर्लक्ष केलं, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

पण त्या पुस्तकाचं आपल्या घरांत काय झालं, ते आठवून पाहा. किती घरांत ते बायकोनेच वाचलं किंवा तिला वाचायला दिलं गेलं, म्हणजे ती नवऱ्याचं पथ्य सांभाळेल! तेल मोजून वापरायचं तिनं, भाज्या उकडायच्या तिनं, 'फिरायला जा' म्हणून मागे लागायचं तिनं. आणि उरलेली तळलेली भजी वाया जायला नकोत म्हणून संपवायचीही तिनंच! पाळी जाण्याच्या वयानंतर बाईच्या हृदयालाही धोका वाढतो. तिचं दुखणं पुष्कळदा छातीत कळ येऊन सांगत नाही. नुसता थकवा, मळमळ, पाठ-जबडा दुखणं, धाप लागणं अशा रूपांत येतं आणि आपण 'पित्त झालंय' म्हणून सुंठ-साखर खाऊन पडून राहतो. त्या पुस्तकातले व्यायामाचे आणि शांत बसण्याचे भाग मी नव्याने वाचले ते 'हे माझ्यासाठी लिहिलंय' असं समजून. तुम्हीही तसंच वाचून पाहा. रोजचा अर्धा तास चालणं हा काही फक्त घरच्या पुरुषाचा हक्क नाही.

जे शब्द आपण बोलत नाही

आता ज्या पुस्तकांसाठी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते. डॉ. राणी बंग यांची 'गोईण' आणि 'कानोसा'. गोईण म्हणजे मैत्रीण. त्या पुस्तकात आपल्या रानातली झाडं आहेत, पण बायांनी सांगितलेली. मोह, तेंदू, चारोळी, हिरडा, बेहडा आपण रोज पाहतो. मार्च-एप्रिलात पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणारी बाई झाडाशी कशी बोलते, हे मात्र आपल्यातल्या शिकलेल्या बायांना ठाऊक नसतं. मी 'गोईण' वाचली आणि मोहफुलं वाळत घालणाऱ्या बाईला पहिल्यांदा विचारलं, की या झाडाचं आणखी काय काय करता? तासभर ती बोलत होती. मला वाटायचं, तिला शिकवायला मी जाते!

'कानोसा' मात्र हलक्या हाताने वाचायचं पुस्तक नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या बायांनी आपल्या शरीराविषयी, पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी, मूल होण्या-न होण्याविषयी राणीताईंना जे सांगितलं, ते त्यात आहे. त्यामागचं काम आधी समजून घ्यायला हवं. बंग दांपत्याने १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केलं. दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक आजार होता, दरबाईमागे सरासरी तीनाहून जास्त. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त आठ! तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारदरबारी समजलं जाई. पोट रिकामं असताना आणि मांडीवर मूल नसतानाही बाईला शरीर असतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या बायांनी जगाला दाखवलं. याचा अभिमान आपल्यातल्या कितीजणींना आहे? कितीजणींना हे माहीत तरी आहे?

माझी खूण आहे ती पांढऱ्या पाण्याच्या भागापाशी. आपल्याकडच्या बाया अंगावरून पांढरं जाण्याची तुलना झाडाला येणाऱ्या फुलाशी करतात. झाड म्हटलं की फूल, तशी बाई म्हटलं की हे असायचंच. वाचताना मला ही तुलना किती सुंदर वाटली आणि दुसऱ्या क्षणाला किती भयंकर वाटली, ते सांगता येत नाही. सुंदर यासाठी, की त्यात किळस नाही, लाज नाही. भयंकर यासाठी, की 'असायचंच' म्हटल्यावर दवाखान्यात कोण जाईल? थोडं पांढरं जाणं स्वाभाविक असतं, हे खरं. पण वास, खाज, आग, दह्यासारखं किंवा पिवळं-हिरवं जाणं, ओटीपोटात दुखणं हे आजाराचं लक्षण आहे. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणं तर लगेच दाखवायलाच हवं. हा फरक सांगायला शब्द लागतात. ते आपल्यापाशी आहेत कुठे? आपण 'बाहेरची', 'अडचण', 'कावळा शिवला' असं म्हणत आयुष्य काढतो. एटापल्ली-भामरागडकडच्या कुर्मा घराविषयी वाचून शहरातल्या बाया हळहळतात. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं! पण पदवीधरांच्या घरातही त्या चार दिवसांची चटई वेगळी असते, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नसतो, हे आपण सोयीने विसरतो. ती गवताची झोपडी आणि ही चटई, दोघी बहिणीच.

आमच्या गटात मी 'कानोसा'तला एक भाग वाचून दाखवायचं ठरवलं, तेव्हा शिकलेल्या बायांनीच नाकं मुरडली. "ताई, असलं काय वाचता मीटिंगमध्ये?" मी दार लावून घेतलं आणि वाचलं. सुरुवातीला खुसुखुसू हसणं झालं. मग हसू थांबलं. मग एक साठीची आजी म्हणाली, "हे तं आमच्याच घरचं लिहून ठेवलं ना जी!" आणि कोपऱ्यातली एक तिशीतली बाई, जी एरवी हप्ता देऊन गप्प उठून जायची, ती माझ्यापाशी थांबून राहिली. पाच वर्षांचा त्रास होता तिला. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, दवाखान्यात पुरुष डॉक्टर म्हणून तिथे जायची हिंमत नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी मिळून बाई-डॉक्टर असलेल्या दवाखान्यात गेलो. महिन्याभराच्या औषधाने ती बरी झाली. पाच वर्षांचा त्रास आणि महिन्याभराचं औषध! मधली सगळी वर्षं फक्त एका शब्दावाचून अडली होती.

त्या दिवसापासून मला वाटायला लागलं, की ही पुस्तकं ज्या बायांनी सांगितली, त्यांच्यापर्यंतच ती परत गेलेली नाहीत. त्यांची गोष्ट पुण्याच्या दुकानात आहे, मुंबईच्या कपाटात आहे, इंग्रजीत परदेशातही गेली आहे. आणि ती बाई आजही पांढऱ्या पाण्याला फूल म्हणून गप्प आहे.

बहुमत नव्हे, सगळ्यांचं मत

काही जण म्हणतील, गावातल्या अडाणी बायांना पुस्तकातलं काय कळतं? याचंही उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गडचिरोलीतल्या ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. नवजात बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा हे त्या शिकल्या. त्या गावांतलं नवजात बालकांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि आज देशभरच्या आशाताई घरोघर जाऊन बाळं तपासतात, त्यामागे हा अनुभव आहे. ज्यांना हे कळलं, त्यांना पुस्तकाचं एक पान कळणार नाही?

मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' २०१२ साली आलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ही सगळी कथा रोचक आहेच. पण मी रेंगाळले ते गावाच्या निर्णय घेण्याच्या रीतीपाशी. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत. एकाचंही मन वळलं नसेल तर पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. सर्वांचं जुळलं की मगच निर्णय. आणि त्याआधी अभ्यास गट असतो. विषय नीट समजून घ्यायचा, चर्चा करायची, मग ग्रामसभेत जायचं.

हे वाचताना मला दारूबंदीची आठवण झाली. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बाया पायी मोर्चे काढून झगडल्या, २०१५ साली आपल्याकडेही बंदी लागली आणि २०२१ साली ती उठली. कायदा मुंबईत होतो आणि मुंबईतच रद्दही होतो. कायदा हवाच, त्याच्या बाजूने मी कालही होते, आजही आहे. पण मेंढ्याची गोष्ट सांगते, की जे गावाने सगळं समजून, सगळ्यांना बरोबर घेऊन ठरवलं, ते उठवायला मंत्रिमंडळाची बैठक पुरत नाही. समजून घेणं आधी, ठराव नंतर. आपल्या गटांच्या बैठकीत नेमकं उलट होतं. रजिस्टरवर सह्या आधी आणि 'कशावर सही केली गं?' हे घरी गेल्यावर!

दहा मिनिटांचं मागणं

म्हणून माझं मागणं इतकंच आहे. आपल्या बचत गटाच्या दर महिन्याच्या बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, फक्त दहा मिनिटं एक पान मोठ्याने वाचायचं. अख्खं पुस्तक नको. एकच उतारा, जो वाचून तुम्ही स्वतः थांबला होतात. वाचून झाल्यावर 'आवडलं का?' असं विचारू नका, सगळ्या 'हो' म्हणतात आणि उठतात. विचारा, 'असं आपल्याकडे होतं का?' गटात गोंडी, माडिया बोलणाऱ्या बाया असतील तर दोन्ही भाषा येणारीला सांगा, तिच्या भाषेत सांगू दे. आपल्या झाडीबोलीत सांगायला तर मुळीच लाजू नका. आशाताईला बसवून घ्या, म्हणजे बोलता बोलता कुणाचं दुखणं निघालं, तर पुढची वाट तिला ठाऊक असते. आणि बैठकीत निघालेलं घराबाहेर जाणार नाही, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. तो विश्वास नसेल तर कुणी तोंड उघडणार नाही.

पुस्तकं कुठून आणायची? तालुक्याच्या, मोठ्या गावांच्या ठिकाणी शासनमान्य ग्रंथालयं आहेत. राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ सालचा, त्याखाली अनुदान मिळतं. ते आपल्याच पैशाचं आहे. तिथे जाऊन सभासद व्हा. पुस्तक नसेल तर मागणी वहीत लिहा. चार बायांनी एकाच पुस्तकाची मागणी लिहिली, की ग्रंथपालाला दखल घ्यावी लागते. रोवणीच्या दिवसांत, तेंदूपत्त्याच्या हंगामात बैठकीला कुणी येणार नाही. नको येऊ दे. ते दोन महिने सोडून द्या.

आणि एक वही ठेवा. आज मी सांगितलेली बहुतेक पुस्तकं शिकल्या-सवरल्यांनी लिहिली आहेत. त्यांनी मन लावून ऐकलं म्हणून ती चांगली झाली. पण दुसऱ्याने आपलं ऐकून लिहावं, याची वाट किती दिवस पाहायची? उषाकिरण आत्राम, कुसुम आलाम यांच्यासारख्या आदिवासी बायांनी आपल्या हाताने कविता लिहिल्याच ना! आत्राम यांच्या एका संग्रहाचं नावच 'म्होरकी' आहे. म्होरकी म्हणजे पुढे चालणारी. आपल्या गटातल्या बाया त्या दहा मिनिटांनंतर जे बोलतात, ते लिहून ठेवा. नावं नकोत, बोल हवेत. चार ओळी का असेनात.

'पुस्तक वाचून पोट भरतं का?' असं कुणी विचारील. विचारू द्या. पोट दुखतंय हे सांगायला तरी शब्द लागतो, आणि तो कधीकधी पुस्तकातूनच येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला जाताना रजिस्टर आणि पासबुकाबरोबर एक पुस्तक पिशवीत टाका. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात आणि तुमच्या गटात त्यावर काय बोलणं झालं, ते मला जरूर कळवा. मी वाट पाहते.